मालदीवला शिकवायला जाताय? दिवेही शिकाच
शाळा इंग्रजीतून चालते, त्यामुळं मालदीवला जाणाऱ्या शिक्षकाला तिथल्या दिवेही भाषेची गरज नाही, असं एका लेखात वाचलं. मला हे अजिबात पटलं नाही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. मालदीवच्या एका लहान बेटावर गणित शिकवायला होते. वर्गात काही अडलं नाही, पण मुलांच्या आया फाटकाशी आल्या की नुसती मान हलवायची. शेवटी सातवीतल्या एका मुलीनं वहीच्या मागच्या पानावर दिवेहीच्या थाना लिपीची 24 अक्षरं काढून दिली, उजवीकडून डावीकडं. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत तीच गिरवत बसायचे. पुढं 'हालु किहिने?' (कसे आहात?) एवढं विचारलं तरी समोरचा चेहरा खुलायचा. एक बाई तर गरम रोशी (आपली चपातीच) आणि ओलं खोबरं घातलेली मासहुनी (माशाचा पदार्थ) घेऊन दारात आल्या.

आपण बेळगावकडची माणसं घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत वाढलो. कन्नडातला अर्ज भरता येत नाही म्हणून आईला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागायचं, ते मी लहानपणी पाहिलंय. म्हणूनच सांगते, जिथं राहायचं तिथली भाषा शिकाच.

आणि हो, घरभाडं, विमानभाडं करारात लिहून घ्या. मला तोंडी कबूल केलेलं घरभाडं शेवटपर्यंत मिळालं नाही.