घरी मराठी बोलल्याने मूल उशिरा बोलते, हा दावा निराधार

‘घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी ऐकून मूल गोंधळते व उशिरा बोलू लागते, म्हणून त्याच्याशी इंग्रजीतच बोला,’ असा संदेश सध्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. दोन भाषा कानावर पडल्याने वाचाविकासात विलंब होत नाही. मुलाचे शब्द मोजायचेच झाले, तर ‘पाणी’ आणि ‘बॉल’ हे दोन्ही जमेस धरावेत. ‘मला वॉटर दे’ हे वाक्यही गोंधळाचे लक्षण नव्हे. घरातली मोठी माणसे तरी वेगळे काय बोलतात?

मेथी निवडताना मुलाने ‘पान’ म्हटले, की ‘हो, हे कोवळे पान आणि हा जाड देठ; देठ आपण टाकून देऊ,’ असे त्याचेच बोलणे वाढवून त्याला परत द्यावे आणि क्षणभर थांबावे, कारण उत्तर जुळवायला त्याला वेळ लागतो. हे पालकाला सहज येणाऱ्या भाषेतच साधते. ओढूनताणून बोललेले इंग्रजी ‘लीफ, लीफ’ एवढ्यावरच अडते.

मात्र दोन वर्षांचे मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर मराठीला दोष न देता त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे.