परवानगीचा कागद आणि सर्टिफिकेटचा कागद

बारावीचे निकाल लागले की तो फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तीन ग्रुपांवर आला आणि चौथ्यांदा बार्शीहून धाकट्या बहिणीने पाठवला, खाली एक ओळ जोडून: ‘दादा, हिला घालू का?’ हिला म्हणजे माझ्या भाचीला. मजकूर असा: मुलांची चार वर्षं इंजिनिअरिंगमध्ये घालवू नका. तीन महिन्यांचा एथिकल हॅकिंगचा कोर्स, आंतरराष्ट्रीय सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) सर्टिफिकेट, आयुष्यभर चालणारं. कोडिंग लागत नाही. सर्टिफिकेट हातात आलं की हॅकिंग कायदेशीर. पहिला पगार लाखाच्या पुढे. कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेल्यापासून बँका आणि सरकार हॅकर शोधत फिरतायत. शेवटच्या दहा जागा.

मी पुण्यात अकरा वर्षं हेच काम करतो. म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेतल्या त्रुटी शोधायच्या आणि त्यांतून आत शिरता येतं का ते बघायचं. धंद्यात त्याला व्हीएपीटी म्हणतात. ‘हॅकर’ हा शब्द ऑफिसात कुणी वापरत नाही, लग्नात मात्र सगळे वापरतात.

सगळ्यात घातक वाक्य आधी. सर्टिफिकेटने हॅकिंग कायदेशीर होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 43 एवढंच विचारतं की, यंत्राच्या मालकाची किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी होती का? तुमच्या भिंतीवर काय टांगलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. परवानगीशिवाय शिरलात तर भरपाई मागे लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या हेतूने केलंत तर कलम 66: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॉलेजच्या पोर्टलवर ‘जरा ट्राय करून बघू’ म्हणणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

आमचं काम सुरू होतं ते वेगळ्याच कागदाने. त्यावर क्लायंटच्या अधिकाऱ्याची सही असते, कुठले आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या मशीनचे आकडी पत्ते) तपासायचे त्यांची यादी, कशाला हात लावायचा नाही ते, रात्री किती ते किती, आणि काही बंद पडलं तर झोपेतून कुणाला उठवायचं त्याचा मोबाइल नंबर. एका पतसंस्थेच्या कामात या यादीतला एक आकडा चुकून भलताच टाइप झाला होता. तो पत्ता तिऱ्हाइताचाच निघाला. स्कॅन लावायच्या आधी टीममधल्या सर्वांत ज्युनिअर मुलीने प्रत्येक पत्ता कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं, म्हणून वाचलो. तिच्याकडे तेव्हा एकही सर्टिफिकेट नव्हतं.

आता सीईएच. अमेरिकेतली ईसी-कौन्सिल ही संस्था ती परीक्षा घेते, आणि परीक्षा खोटी नाही. चार तास, 125 प्रश्न, सगळे बहुपर्यायी. म्हणजे ती शब्द आणि पद्धती माहीत आहेत का ते तपासते. प्रत्यक्ष हात चालवून दाखवायची सहा तासांची परीक्षा वेगळी असते. तिचा उल्लेख फॉरवर्डमध्ये का नाही ते समजून घ्या. ‘आयुष्यभर’ तर साफ खोटं. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं. टिकवायचं तर तेवढ्यात पुढच्या शिक्षणाचे 120 क्रेडिट जमवायचे, वर वार्षिक फी. तरी ते निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. नोकरीच्या जाहिरातीत आणि सरकारी टेंडरमध्ये त्याचं नाव असतं, एचआरची चाळणी त्यावर पार होते. पण मुलाखत घ्यायला पुढे आम्ही बसलेलो असतो.

आम्ही जिला जास्त मानतो ती ओएससीपी, याच क्षेत्रातली दुसरी, प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा. पावणेचोवीस तास अनोळखी मशीन्स फोडायची, कॅमेरा चालू, आणि नंतरचे चोवीस तास रिपोर्ट लिहायला. रिपोर्ट नीट नसेल तर फोडलेल्या मशीनचेही गुण जातात. खर्च दीड हजार डॉलरच्या वर. बारावीनंतर लगेच या वाटेला जाऊ नये.

रिपोर्टचं एवढं काय, असं पोरं विचारतात. समजा, ग्राहकाच्या बिलाच्या लिंकमध्ये शेवटी 4071 आहे. मी 4072 केलं आणि शेजाऱ्याचं बिल उघडलं, नाव-पत्त्यासकट. शोधायला दहा सेकंद लागली. मग ते लिहायचं: काय केलं, काय दिसलं, कुणाचं काय बिघडू शकतं, दुरुस्ती कुठे करायची. डेव्हलपर म्हणणार, ‘सर, युजर असं कशाला करेल?’ त्याला न दुखावता पटवायचं, महिन्याने रिटेस्ट करायची, आणि त्याने फक्त तेच एक पान दुरुस्त केलंय, पावतीचं तसंच ठेवलंय, हे पुन्हा लिहायचं. आमचा निम्मा पगार या लिखाणाचा आहे.

कोडिंगबद्दल थोडक्यात: पहिल्या दिवशी लागत नाही, सहाव्या महिन्यात अडतं.

कॉसमॉसचं उदाहरण मात्र फॉरवर्डवाल्यावरच उलटतं. ऑगस्ट 2018 मध्ये तिथे नुसता एखादा पासवर्ड ओळखून काम झालं नव्हतं. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या कोअर सिस्टिमपर्यंत, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य यंत्रणेपर्यंत, पोहोचूच दिली नाही. मध्ये बसवलेला बनावट स्विच ‘द्या पैसे’ म्हणत राहिला, आणि 28 देशांत नकली कार्डं घेतलेली माणसं नोटा मोजत होती. हे कसं घडलं ते समजायलाच नेटवर्क पक्कं लागतं. आणि सरकारी साइटच्या ऑडिटचं म्हणाल तर सर्ट-इन हे केंद्र सरकारचं सायबर सुरक्षेचं खातं आपल्या यादीवर संस्था घेतं, एकट्यादुकट्याला नाही.

पगार? आमच्याकडे गेल्या वर्षी लागलेल्या फ्रेशरला महिन्याला लाखाच्या निम्मेही मिळत नाहीत. बरेच जण आधी रात्रपाळीत सुरक्षा यंत्रणेकडून येणाऱ्या अलर्टच्या रांगा बघत बसतात. बग बाउंटीत, म्हणजे कंपनीला तिच्या यंत्रणेतला दोष कळवून बक्षीस घेण्यात, पैसे मिळतात, पण तोच दोष आधी दुसऱ्याने कळवला असेल तर शून्य.

एक गोष्ट फॉरवर्डने खरी सांगितली: इंजिनिअरिंगच हवं असं नाही. माझा एक सहकारी बीएस्सी फिजिक्स आहे. पण तीन महिने? तो दोन वर्षं झिजला.

बहिणीला म्हटलं, फी भरू नकोस, भाचीला फोन दे. तिला ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट हा फुकटचा खेळ लावून दिला. त्यात कमांड टाइप करत पायरीपायरीने लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम शिकता येते. नेटवर्कसाठी आणि पायासाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा एथिकल हॅकिंगचा कोर्स आहे, तोही बघायला फुकट. बँडिटच्या दुसऱ्याच पायरीवर एक फाइल असते, जिचं नाव नुसतं एक डॅश. नेहमीसारखी उघडायला गेलं की स्क्रीन गप्प बसते, कारण कमांडला वाटतं तुम्हीच काहीतरी टाइप करणार आहात. भाची दोन संध्याकाळी तिथे अडली होती. मी उत्तर दिलं नाही, बहीण माझ्यावर चिडली. तिसऱ्या रात्री साडेअकराला मेसेज आला: ‘मामा, फाइल कुठे आहे ते आधी सांगायचं होतं कमांडला. आता पुढची फाइल. हिच्या नावात स्पेस आहेत.’