चेक चेक होतोय, थांबा जरा

आमच्या सोसायटीत मेंटेनन्स अजूनही चेकनेच घेतात, जीपे करतो म्हटलं की सेक्रेटरीकाकांचा चेहरा असा होतो की जणू त्यांची किडनीच मागितली. तर दिलेला चेक परत आला, वर बँकेने चार्जेसही कापले, कारण काय तर म्हणे सही मॅच होत नाही. गेलो बँकेत. "मॅडम, माझा चेक जरा चेक करता का?" तर म्हणे, "चेक केला म्हणूनच परत आला ना सर!" मग नवीन सहीचा फॉर्म दिला आणि म्हणाल्या सोबत एक कॅन्सल्ड चेक लावा. त्यावर सही? "नको नको, कॅन्सल्डवर सही लागत नाही." घ्या! म्हणजे सहीच्या पुराव्याला बिनसहीचा चेक.

टोकन घेऊन बसलो आणि बसल्या बसल्या या चेकचं मूळ शोधलं. तर निघाला चक्क इराणचा राजा! फारसीत राजा म्हणजे शाह. बुद्धिबळात राजा अडचणीत आला की 'शाह' म्हणायचं, ते अरबांकडून युरोपात गेलं आणि फ्रेंचांच्या तोंडून घासून घासून इंग्रजीत 'चेक' झालं. आपल्याकडे तोच शाह 'शह' होऊन राहिलाय, अगदी काटशहासकट. राजा अडला म्हणून चेक म्हणजे अडवणं, आणि अडवलंच आहे तर तपासूनही घेऊ, म्हणून चेक म्हणजे तपासणं (आमच्या बँकेत अजून अडवण्याच्याच पायरीवर आहेत). पटावरच्या चौकटींवरून चेक्सचा शर्ट. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब १० फूट बाय ५ फुटांच्या टेबलावर चौकटींचं कापड पसरून, त्यावर सोंगट्या सरकवून करायचे, त्या कापडावरून खजिन्यालाच एक्सचेकर नाव पडलं आणि तिथला अर्थमंत्री आजही चान्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतो.

बँकेचा चेक मात्र आधी चेक नव्हताच. अठराव्या शतकात लबाडी पकडायला जो अर्धा तुकडा जवळ ठेवायचे, म्हणजे आपलं काउंटरफॉइल, त्याला चेक म्हणायचे. पुढे नाव सरकून अख्ख्या कागदाला चिकटलं, आणि एक्सचेकरच्या नादाने इंग्रजांनी स्पेलिंगमध्ये क्यू घुसवला. अमेरिकेत क्यू नाही, पण तिथे हॉटेलचं बिलही चेकच, त्यामुळे चेकचे पैसे चेकने द्यायची सोय आहे.

आणि आपला मुलुंड चेकनाका! १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण बसमध्ये कंडक्टर अजून "चेकनाकावाले चला पुढे" ओरडतोच. त्याला एकदा सांगणार होतो की बाबा रे, तू इराणच्या राजाच्या नावाने ओरडतोयस, पण मी शंभराची नोट पुढे केली होती आणि सुट्टे नव्हते, त्याचं तोंड बघून गप्प बसलो.