सशाच्या नाण्याने कोणी श्रीमंत होत नाही

ब्रिटनमधल्या आपल्या लोकांच्या ग्रुपांवर पुन्हा तोच निरोप फिरतोय: पीटर रॅबिट हा ससा, पॅडिंग्टन हे अस्वल किंवा हॅरी पॉटर, अशा मुलांच्या गोष्टींतल्या पात्राचं ५० पेन्सचं (अर्ध्या पौंडाचं) नाणं सुट्ट्या पैशांत सापडलं तर हजारो पौंड मिळतील, अशी नाणी अगदी मोजकी आहेत, साचाही मोडलाय. गावाकडे वैष्णोदेवीच्या ५ रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणतात, त्याचीच ही विलायती आवृत्ती. दुर्लक्ष केलं असतं, पण आमच्या वहिनींनी असलं एक नाणं चक्क विकत घेतलं. कितीला, ते इथे लिहीत नाही.

'मोजकी' म्हणे! रॉयल मिंट, म्हणजे तिथली टांकसाळ, कोणतं नाणं किती पाडलं याचे आकडे स्वतःच जाहीर करते. ते उघडून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. २०१६ चा पीटर रॅबिट ९६ लाखांच्या वर पाडलाय. त्याच वर्षीची जेमायमा बदक त्या मानाने कमी, तरी २१ लाख. २०१८ चा स्टेशनवरचा पॅडिंग्टन ५० लाख. खरं दुर्मीळ बघायचं तर २००९ चं लंडनच्या क्यू गार्डन्स या बागेचं नाणं २,१०,००० आणि २०२३ चं सामन माशाचं २,००,०००. दोन्हींवर गोष्टीतलं पात्र नाही, म्हणून ती निरोपातही नाहीत.

हॅरी पॉटरची तर कमालच. ती नाणी चलनात सोडलीच नव्हती, संग्राहकांना पाकिटात घालून विकली. कोणी पाकीट फोडून खर्च केलं असेल तरच तुमच्या हाती येणार.

साचा मोडला? पीटर २०१७ मध्ये आला, २०१८ मध्येही आला, दर वेळी नवं चित्र घेऊन.

निरोपासोबत हजारो पौंडांचा जो स्क्रीनशॉट फिरतो, तो म्हणजे ऑनलाइन विकणाऱ्याने लिहिलेली किंमत. लिहायला काय जातं? झालेले सौदे वेगळे दिसतात, ते बघा.

एक मात्र मान्य करावं लागेल. २०१६ मध्ये पीटरचं रंगीत, चांदीचं नाणंही निघालं होतं. ते १५,००० पुरतंच होतं, झटपट संपलं आणि पुढे मूळ किमतीपेक्षा बऱ्याच चढ्या भावाने विकलं गेलं. निरोप लिहिणाऱ्याने त्या चांदीच्या नाण्याचा भाव सुट्ट्या पैशांतल्या नाण्याला चिकटवलाय.

वहिनी, तुमचा ससा बिनरंगी आहे. दुकानात ५० पेन्सला चालेल.