‘घाम गाळा, फुप्फुसं मोकळी होतील’: या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

कोविड, फ्लू किंवा तशाच विषाणूच्या आजारातून उठलेल्यांसाठी एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: रोज घाम फुटेपर्यंत व्यायाम करा, फुप्फुसं मोकळी होतात, ऑक्सिमीटर ९५च्या वर म्हणजे तुम्ही ठणठणीत, आणि व्हिडिओ कॉलवरचा फिजिओथेरपिस्ट म्हणजे पैसे वाया, हात लावल्याशिवाय त्याला काय कळणार? रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावला तरी तेच.

‘हात लावल्याशिवाय काय कळणार?’

बरंच कळतं. फक्त फोन नीट ठेवावा लागतो: समोर नको, एका बाजूला, कमरेच्या उंचीवर, दोनेक मीटर लांब, डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसेल असा. खुर्ची बिनहाताची, बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच, पाठ भिंतीला टेकवलेली. नुसते मोजे घालून उठबस नको, पाय घसरतो. मग हात छातीशी घेऊन एका मिनिटात जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं.

या मिनिटात थेरपिस्ट नुसता आकडा मोजत नसतो. उठताना हात मांडीवर टेकतो का, श्वास कोंडला जातो का, हे तो बघतो. श्वास कोंडणं फार जणांचं होतं आणि स्वतःला ते कळतही नाही. कोंडून जोर लावला की रक्तदाब झटकन वर-खाली होतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. उपाय साधा: उठताना फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायचा. नेटवर्क अडखळलं की आवाज मागे पडतो, ही अडचण मात्र खरी. म्हणून ‘एक, दोन’च्या तालावर उठायचं नाही, गती रुग्णाची, मोजणी थेरपिस्टची.

‘फुप्फुसं मोकळी होतात’

२०२१ मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात चीनमधल्या १२० जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे कोविडसाठी रुग्णालयात राहून घरी गेलेले, पण दम लागणं उरलेलं. एका गटाने सहा आठवडे, आठवड्याला ३-४ वेळा, फोनवरून देखरेखीखाली श्वासाचे, चालण्याचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम केले. दुसऱ्याला फक्त माहिती दिली. सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात पहिल्या गटाची सुधारणा सरासरी ६५ मीटरने जास्त निघाली. फुप्फुसांच्या चाचण्यांत मात्र जवळजवळ फरक नव्हता. म्हणजे चालण्याची क्षमता वाढते. ‘मोकळी होणं’ हे मेसेज लिहिणाऱ्याचं.

‘९५च्या वर म्हणजे ठणठणीत’

हा आकडा बसल्या जागेचा. श्रमानंतर तो ३ किंवा जास्त अंकांनी घसरला तर थांबायचं आणि थेरपिस्टला सांगायचं. सगळ्यात खालचा आकडा बरेचदा थांबल्यावर दिसतो, म्हणून ऑक्सिमीटर आणखी मिनिटभर बोटावर राहू द्यावा. गार बोटं, नेलपॉलिश, हलणारा हात यांनी आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतो.

‘रोज घाम फुटेपर्यंत’

सगळ्यात धोक्याचा सल्ला हाच. काहींना श्रमाचा फटका लगेच बसतच नाही. १२ ते ७२ तासांनी अंग गळून जातं, डोकं चालत नाही. व्यायामाच्या दिवशी ‘आज छान जमलं’ म्हणून दुप्पट करणारा परवा अंथरुणाला खिळतो. अशांनी व्यायाम वाढवायचा नसतो, शक्ती पुरवून वापरायची असते. ज्यांना असा फटका बसत नाही त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत पाच टप्पे आहेत, प्रत्येकात किमान ७ दिवस. ० ते १० या श्रमाच्या मोजपट्टीवर दुसरा टप्पा २-३चा, म्हणजे सपाट जागी चालणं, हलकी घरकामं. घाम निथळणं त्यात बसत नाही.

म्हणूनच ‘रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावला तरी तेच’ हेही पटत नाही. व्हिडिओ ‘परवाच्या व्यायामानंतर काल कसं होतं?’ असं विचारत नाही, आणि उत्तर ऐकून आजच्या उठबशा १२वरून ८वर आणत नाही.

हात लावून तपासण्याबद्दल मेसेज एका बाबतीत बरोबर आहे. बसल्या जागी नाडी १००च्या वर, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा अजून ऑक्सिजन लागणं, यांपैकी काही असेल तर आधी प्रत्यक्ष तपासणी, मग कॉल. आणि पहिल्या कॉलला खोलीत दुसरं कुणीतरी हवंच.