बंब दिवाणखान्यात आला

इंदूरच्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर दोन वस्तू हमखास निघतात: पणजोबा होळकर दरबारात नोकरीला होते याचा कागद, आणि तांब्याचा बंब. कागदाला वाळवी लागते, बंबाला काही होत नाही. रामबागेतलं घर आवरताना आमच्या वाट्याला अर्थातच बंब आला. सोबत घंगाळ आणि एक जाडजूड पातेलं.

"बाबा, हे व्हिंटेज आहे," सूनबाई म्हणाल्या, आणि हयात मोरीत गेलेला बंब सोफ्याशेजारी जाऊन बसला. त्याच्यावर आता खास पिवळा दिवा पडतो. माझ्या खुर्चीवर पडत नाही. पेपर वाचायला मी खिडकीशी जातो.

शोभेचं तांबं बाजारातून आणलं, तर त्यावर बहुधा पारदर्शक लॅकरचा थर असतो. हवा लागत नाही, चमक टिकते. आमचा बंब उघडावाघडा. येणारा प्रत्येक पाहुणा "वा, अस्सल!" म्हणत त्याला थोपटतो, आणि दोन दिवसांत तिथे पाच बोटं तपकिरी उमटतात. पावसाळ्यात तोटीच्या सांध्यात हिरवट कळंक चढतो, तो वेगळाच. मग "अहो, तुम्ही आता रिकामेच असता ना?" असा प्रेमळ प्रश्न येतो. चिंच-मीठ चोळलं की काळा थर सुटून आतला गुलाबी रंग दिसतो, हे मान्य. तो क्षण खरंच सुखाचा असतो. पण बंबाच्या मधल्या नळीच्या काठाशी एक खाच आहे, तिथे बोट जात नाही, काथ्या जात नाही, माझा जुना टूथब्रश तेवढा जातो. घडवणाऱ्या तांबटाने तो कधी घासला नसणार.

पातेल्यात सौ.ला आमटी करायची होती. बिनकल्हईच्या तांब्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हईवाल्याचा शोध सुरू झाला. बर्तन बाजारात एकाने माझ्याकडे करुणेने पाहिलं. "भिया, नॉनस्टिक ले जाओ!" शेवटी एक म्हातारबाबा सापडले. भात्याने कोळसे फुलवले, तापल्या पातेल्यात नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने असा काही हात फिरवला की लाल तांबं बघता बघता चांदीचं झालं. "खाली बर्तन गैस पे मत रखना, बाबूजी," त्यांनी बजावलं. बरोबरच आहे, कथील 232 अंशांना वितळतं.

घरी आल्यावर सूनबाईंनी पातेलं उजेडात धरलं. आतून चांदी, बाहेरून तांबं! "आई, यात आमटी? किती सुंदर दिसेल भिंतीवर!" सौ. विरघळली.

आमटी कुकरमध्ये झाली. पातेलं टांगलंय, तेही पाहुण्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर. मी किलोभर चिंच आणून ठेवली आहे.