पुण्याला जाऊन आलं की झालं?

आमच्या सोलापूरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय, तो म्हणजे वजन. निमित्त चुलतबहिणीचं. बॅरिॲट्रिक सर्जरीचा, म्हणजे वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन करायचा, विचार चाललाय असं तिनं नुसतं टाकलं आणि मग काय, ज्यांनी जन्मात कधी सकाळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारली नाही ते काकासुद्धा "तोंडाला आवर घाल की, पोट कशाला कापून घेतीस" म्हणून मोकळे. कुणी पंतप्रधानांचं तेल १० टक्के कमी करा वालं भाषण टाकलं, कुणी २०२५ च्या जुलैमधली ती समोसा-जिलेबीची बातमी काढली, म्हणजे नागपूरच्या एम्समध्ये तेल-साखरेचे बोर्ड लागणार म्हणून किती गाजलं होतं आणि मग सरकारला खुलासा करावा लागला की बाबांनो, आम्ही गाड्यावरच्या समोश्यावर कसली वॉर्निंग लावत नाही, हे ऑफिसांमधल्या जागृतीसाठी आहे. मग अर्थात गडकरी आणि जेटली आलेच. गडकरींनी २०११ ला हेच ऑपरेशन करून घेतलं, बघा कसे फिरतात. जेटलींनी २०१४ ला केलं, इन्फेक्शन झालं, बघा काय झालं. जेटलींना आधीपासून जुना डायबेटिस होता, २०१८ ला किडनी बदलावी लागली, हे सगळं बाजूला ठेवून दोन माणसांवर निकाल लावून ग्रुप झोपला.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. माझं स्वतःचं गॅस्ट्रिक बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात) इथंच, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत झालंय, त्यामुळं मला बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजते. काकांना मी एवढंच म्हणलं की तोंडाला आवर घालून वजन उतरतं, पण खूप जास्त वजन असेल तर ते उतरलेलं टिकवणं बहुतेकांना जमत नाही, कारण शरीरच भूक वाढवून आणि कॅलरींचा खर्च कमी करून ते परत मिळवायला बघतं, आणि ऑपरेशननं नुसती पोटातली जागा कमी होत नाही, आतड्यातून मेंदूला जाणारे भुकेचे सिग्नलपण बदलतात. काका म्हणाले, "हे सगळं तिकडचं." बरं.

तर तिकडचं सांगते. इथं सर्जन पहिल्या भेटीत दिसतच नाही. आधी जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, मग वजनाची स्पेशल क्लिनिक, तिथं डायटिशियन, सायकॉलॉजिस्ट, परत वजन, परत रक्त, आणि मधेमधे नुसती वाट बघणं. दक्षिण आशियाई लोकांना बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाच्या आकड्याची, अट अडीचनं खाली आणतात, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर आणि हार्टचे त्रास सुरू होतात, म्हणजे गोऱ्या माणसाला डायबेटिस असेल तर ३५ तर आपल्याला साडेबत्तीस. माझी शुगर होती, झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री सीपॅपचं मशीन लावून झोपायचे, तरी रांग ती रांगच, वर्षाच्या वर गेली. त्या रांगेत लोकांचे गुडघे जातात, शुगर हाताबाहेर जाते, काहीजण वैतागून तुर्कस्तानला जाऊन स्वस्तात करून येतात. तेव्हा इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही.

पण त्या सायकॉलॉजिस्ट बाईनं मला विचारलेले प्रश्न मला सोलापुरात कुणी विचारले नसते. घरात स्वयंपाक कोण करतं, वाढतं कोण, आणि तुम्ही नको म्हणलात तर काय होतं? मी म्हणलं, नको म्हणलं की आमच्याकडं अजून एक वाढतात. ती हसली नाही, तिनं लिहून घेतलं. पुढच्या भेटीला नवऱ्यालापण घेऊन या म्हणाली.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळजवळ नुसतं दूध-दही, ते कशासाठी तर लिव्हरवरची चरबी उतरावी म्हणून, कारण लिव्हरचा डावा भाग पोटावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून काम करताना तो बाजूला सरकवावा लागतो. सुजलेलं, तेलकट लिव्हर सरकत नाही. हे समजलं की मग ते दूध कसंतरी घशाखाली जातं. जीवाची भीती म्हणाल तर चांगल्या सेंटरला हजारात एखादं किंवा त्याहून कमी, पित्ताशय काढतात ना साधारण त्याच रांगेतलं, पण टाक्याच्या जागी गळती, रक्तस्राव, गुठळी हे होऊ शकतं, सही घेताना स्पष्ट सांगतात.

आणि मग घरी. इथं मला सोलापूरची सगळ्यात जास्त आठवण आली. दोन दिवसांत डिस्चार्ज, हातात छापील कागद, पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे गंध केल्यासारखं बारीक वाटलेलं, मग मऊ. कागदावर सूप, कस्टर्ड आणि बटाट्याचा लगदा. नवरा कामावर, शेजारीण गोड बाई पण तिला काय माहीत. मी शेवटी आईला फोन लावून ज्वारीचं आंबील कसं करायचं ते परत विचारलं, अगदी पातळ, गाळून, त्यात ताक आणि वास नसलेली प्रोटीन पावडर, कारण रोज साठ ग्रॅमच्या वर प्रोटीन पाहिजे आणि आंबलात ते कुठलं. औषधाच्या छोट्या कपात ओतून घोट घोट, एक कप संपवायला पाऊण तास. तहान लागली म्हणून गटागट पाणी प्यायलं तर छातीत असं दाबून येतं की उभं राहवत नाही. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. हे सगळं सोलापूरच्या ४४ डिग्रीत करायचं म्हणजे विचार करा, शरीरातलं पाणी कमी होऊन परत ॲडमिट होणारे थोडेथोडके नसतात, त्यामुळं बहिणीला मी पहिलं सांगितलं की मे महिन्यात करू नको.

घरी असते तर आईनं वरणाचं पाणी, मुगाचं कट, गाळलेलं ताक दर दोन तासाला हातात दिलं असतं. हे खरंच फार मोठं आहे, इथल्या कुठल्याच कागदात ते मिळत नाही.

पण आता आत्तेभावाचं सांगते, त्याला विचारूनच लिहितेय. ग्रुपवर काकांच्या "तोंडाला आवर घाल" ला अंगठा देऊन तो गप्प बसला होता, आणि त्याचं स्वतःचं स्लीव्हचं, म्हणजे पोट कापून बारीक नळीसारखं करायचं, ऑपरेशन तीनेक वर्षांपूर्वी पुण्याला झालंय! सोलापुरात नव्या पेठेत कापडाचं दुकान, दिवसभर गादीवर बैठक, शुगर, वजन सव्वाशेच्या पुढं. हुतात्मा एक्सप्रेसनं गेला, तपासण्या झाल्या, त्याच आठवड्यात ऑपरेशन, चौथ्या दिवशी घरी. एवढ्या पटकन झालं याचा मला तेव्हा हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू. घरी काय सांगितलं? हर्निया. आत्या, बायको आणि मी सोडून कुणालाच माहीत नाही. आत्या चारचौघांत म्हणायची, "लेकरू खाईनाच झालंय, दृष्ट लागली म्हणायची," आणि आत येऊन त्याला वाटीत मऊ खिचडी.

वजन झकास उतरलं. आणि बरं वाटायला लागल्यावर त्यानं व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या, कारण बरं वाटतंय तर गोळी कशाला, हे आपल्याकडचं ठरलेलं. पुण्याला फॉलोअपला एकदा गेला, मग दसरा-दिवाळीचा सीझन, मग लग्नसराई, मग राहिलंच. हॉस्पिटलचापण एक फोन आला नाही, पॅकेजमध्ये तेवढंच होतं. दुसऱ्या वर्षी पायाला मुंग्या, तळवे बधिर. कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांनी शुगरचं म्हणून औषध दिलं, आणि त्यांचं काय चुकलं सांगा, त्यांना हर्निया सांगितलेला! स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाच्या वर भाग काढून टाकतात, बी-१२ अंगी लागायला जे लागतं ते त्या पोटातच तयार होतं, त्यात वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिनची गोळी, तेही बी-१२ कमी करतं. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणून पेनकिलर चालूच होती, बायपास झालेल्याला तर ती गोळी विषासारखी, जोडाच्या जागी अल्सर करते, आणि स्लीव्हवाल्यानंपण जपूनच. शेवटी एकदा फोनवर माझ्याशी बोलताना सहज म्हणाला, "अक्का, पाय असे झोपूलालेत बघ." मी म्हणलं आधी बी-१२ तपास. इंजेक्शनं सुरू झाली, बराच फरक पडलाय, थोडा बधिरपणा राहिलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरचा सगळा वाद ऑपरेशनच्या अलीकडं चालतो. आळशीपणा की आजार, तेल की ज्वारी, सुरी की इंजेक्शन. मार्च २०२५ पासून मौंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन भारतात मिळायला लागल्यावर तर काय, आठवड्याला एक टोचलं की झालं असं वाटतंय लोकांना, आणि ते सोडलं की वजन परत येतं हे सांगायला मेडिकलवाला बसलेला नाही. आपण माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतो म्हणून माणूस लपवतो, लपवलं की डॉक्टरलापण खोटं सांगतो, आणि मग जे दोनशे रुपयांच्या गोळीनं टळलं असतं ते पायात येऊन बसतं. इथं लोक लाजत नाहीत असं बिलकुल नाही, माझ्या ऑफिसातपण सगळ्यांना वाटतं मी चालून चालून बारीक झाले, आणि पेपरात टॅक्सच्या पैशातून जाड्यांची ऑपरेशनं म्हणून ओरड असतेच. फक्त माझ्या लाजेचा माझ्या फाइलशी संबंध नाही. दोन वर्षं सर्जरीची टीम बघते, मग दरवर्षी जीपीकडं रक्त, तीन महिन्याला बी-१२ चं इंजेक्शन, मी सांगो न सांगो, स्क्रीनवर लिहिलेलं आहे. आत्तेभावाची फाइल कपाटात, साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत.

सोलापूरला हे जमणार नाही असं अजिबात नाही. रक्ताच्या तपासण्या सगळ्या लॅबमध्ये होतात, गोळ्या मिळतात, आहाराचं म्हणाल तर आपलं खाणं चांगलंच आहे, फक्त कडक भाकरी काही महिने विसरायची आणि शेंगाचटणी चमचाभरच, त्यात प्रोटीन दिसतं तेवढं नसतं, तेल मात्र असतं. हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, बायपासवाल्यानं वाटीभर भराभर खाल्ली तर दहा मिनिटांत घाम, धडधड, आडवं व्हावं लागतं. मी एका लग्नात बघितलंय, म्हणजे स्वतःवरच. केस गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठमूठ, आणि बहुतेकांचे परत येतात.

विमा कंपन्यांनापण आयआरडीएआयनं, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम घालून दिलेत, बीएमआय ४० किंवा वर, नाहीतर ३५ किंवा वर आणि सोबत हार्ट, जबर स्लीप एप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा ताब्यात नसलेली शुगर, तर सर्जरी नुसती वजनाची म्हणून सरसकट नाकारता येत नाही, पॉलिसीचा वेटिंग पिरियड मात्र बघायचा. ऑपरेशनचे पैसे कदाचित मिळतील, पण पुढच्या गोळ्या-तपासण्यांचं खिशातूनच धरायचं.

बहिणीला मी करही म्हणलं नाही आणि नकोही म्हणलं नाही. पुण्याच्या सर्जनला काय काय विचारायचं ते लिहून दिलंय. ॲसिडिटी असेल तर स्लीव्ह की बायपास, कारण स्लीव्हनं जळजळ वाढू शकते. मूल हवंय तर किती थांबायचं, साधारण वर्ष-दीड वर्ष सांगतात. सोलापुरातला कुठला फिजिशियन दर सहा महिन्याला माझं रक्त बघणार, त्याचं नाव आजच द्या, आणि डिस्चार्जचा कागद त्यालाच थेट पाठवा. परवा तिचा फोन आला, हे सगळं तिनं विचारलं, सर्जननं नाव दिलं, विजापूर रोडवरचेच आहेत म्हणे. मग हळूच म्हणाली, "ताई, सासूबाईंना काय सांगू गं?" मी म्हणलं ते तू आणि तुझा नवरा ठरवा, हर्निया सांगा नाहीतर अजून काही, पण फॅमिली डॉक्टरांना उद्याच जाऊन खरं सांगून ये.